पक्कं करणारे अवचार सर

रोज सकाळी साडेसहाला अवचार सर मला त्यांच्या स्वयंपाकघरात उभे करून हवा हुंगायला लावत. ते स्वतः काडेपेटी घेऊन उंबऱ्याबाहेर थांबत.

"घ्या पत्रकार. काय येते?"

"काही नाही, सर."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग लावू काडी?"

मी मान हलवली की ते आत येत, शेगडी पेटवत आणि चहाचे आधण ठेवत. आधण एका कपाचे असे. मी माझ्या घरी येऊन माझा चहा घेई.

डॉ. भालचंद्र अवचार वाशिमच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. मूळ गाव केनवड. तासिका तत्त्वावर लागले, पुढे कायम झाले, नोकरी करत पीएच.डी. केली. वाशिममधल्या मेडिकल दुकानांत, शाळांत, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांचे विद्यार्थी बसलेले असतात आणि सर आत आले की उभे राहतात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सर आणि त्यांच्या पत्नी मंगलाताई एकाच दिवशी दवाखान्यात दाखल झाले. सर एकटे घरी आले. मुलगी हैदराबादला असते. ती बोलावते, सर जात नाहीत. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक आहे.

मी एका दैनिकाचे जिल्ह्याचे काम पाहतो. कोणतीही माहिती दोन ठिकाणांहून तपासून घ्यावी, असे आम्हाला शिकवलेले असते. त्यामुळे सरांच्या या सवयीचे मला सुरुवातीला कौतुकच वाटले.

'पक्कं करा' हा त्यांचा मंत्र. दूधवाला आला की त्यानेच पिशवी फोडून दूध हुंगावे आणि मग भांड्यात ओतावे, अशी अट होती. "सर, मी काय माह्याच दुधाले नाव ठेवणार हाय काय?" असे तो रोज म्हणे आणि रोज हुंगे. कॉलेजात प्रॅक्टिकल संपले की चोवीस बर्नरचे कॉक सर स्वतः बंद करत, मग प्रयोगशाळा परिचर शेख जब्बार यांना एकेक पाहायला लावत, मग घरी पोहोचल्यावर जब्बारभाईंना फोन करत.

"कॉक बंद आहेत ना?"

"सर, तुमीच बंद केले. मी तं फक्त पाह्यले."

"पाह्यले ना? पक्कं?"

विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव 'नाकसर' ठेवले होते. प्रॅक्टिकल चालू असताना सर परीक्षानळीकडे पाहत नाहीत, पोरांच्या नाकाकडे पाहतात, हे त्यामागचे कारण. कॉपी पकडण्याची ही सरांची खास पद्धत आहे, अशी पोरांची समजूत होती. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये नाकावरून कॉपी कशी पकडता येईल, हे कोणी विचारले नाही.

एकदा आम्ही दोघे शेलूबाजारहून जीपने येत होतो. दहा जणांच्या जीपमध्ये पंधरा जण होते. समोर बसलेल्या एका म्हातारीने पदर नाकाला लावला. सरांनी ते पाहिले आणि पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडी थांबव. डिझेल गळून राह्यलं."

पंधराच्या पंधरा माणसे रस्त्यावर उतरली. ड्रायव्हर जीपखाली जाऊन आला. काही गळत नव्हते. सरांनी म्हातारीला विचारले, "आजी, नाकाले पदर काहून लावला होता?"

"ह्या बाईच्या थैलीत बोंबील हायेत," म्हातारी म्हणाली. "म्हून लावला."

"गुर्जी," ड्रायव्हर म्हणाला, "बोंबील पेट घेते काय?"

"नाई घेत. पण पक्कं केलेलं बरं."

त्यानंतर प्रत्येक थांब्यावर नवा प्रवासी चढला की ड्रायव्हर त्याला सांगे, "सायबाचं नाक लय तेज हाय. जपून बसा." लोक हसत. सर खिडकीबाहेर पाहत बसले होते. ते हसले नाहीत, आणि चिडलेही नाहीत. हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.

रोज तेच उत्तर द्यायचे असले की माणूस प्रश्न ऐकणे सोडून देतो. काही महिन्यांनी मी स्वयंपाकघरात जाऊन श्वासही न घेता 'काही नाही' म्हणू लागलो. डिसेंबरातल्या एका सकाळी मला सर्दी झालेली होती. नाक दोन्ही बाजूंनी बंद होते. सरांनी दार वाजवले, मी गेलो, उभा राहिलो.

"काय येते?"

"काही नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

सरांनी पेटीतून काडी काढली. तेवढ्यात माझी बायको मला फोन आला म्हणून बोलवायला आली. तिचा एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर होता.

"अवो, गॅस केवढा सुटला आहे," ती म्हणाली, "अन् तुमी दोघं काडी घेऊन काय उभे?"

पुढची दोन मिनिटे सर फारच नीट वागले. काडी पेटीत ठेवली, पेटी बायकोच्या हातात देऊन तिला अंगणात पाठवले. मला म्हणाले, "बटनाले हात लावू नका." रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली, मागचे दार उघडले. शेगडीकडे जाणारी नळी टोकाला चिरलेली होती. मग ते बाहेर येऊन ओट्यावर बसले.

"तुमाले सर्दी आहे," ते म्हणाले.

"हो."

"मले सांगाले पायजे होतं."

"चुकलं, सर. पण तुम्हालाही वास आला नाही?"

"मले येत नाई," ते म्हणाले. "कोरोना झाला तवापासून. कायचाच नाई."

"डॉक्टर?"

"अकोल्याले दाखवलं. म्हणे, आला तं येईल. चार वर्ष झाले."

"कॉलेजात कोणाला माहीत आहे?"

"कोणालेच नाई. आज तुमाले सांगतलं. अन् वहिनीले." आणि मग, बायकोच्या हातातली काडेपेटी परत घेत, "मी निवृत्तीपर्यंत निभावून नेतो. दोनच वर्ष आहेत."

माझी झोप त्या दिवसापासून बिघडली. ज्या प्रयोगशाळेत वीस-वीस पोरे एका वेळी आम्ल तापवतात, जिथे गॅसची पाइपलाइन आहे, जिथे सडक्या अंड्यासारखा वास हीच विषारी वायूची पहिली सूचना असते, तिथल्या प्रमुखाला वास येत नाही. ही बातमी होती. चार ओळींत बसली असती. मी ती लिहिली नाही. संध्याकाळी कुठूनही स्फोट, गळती, दवाखाना असे शब्द फोनवर आले की आधी गावाचे नाव विचारायची मला सवय लागली. वाशिम नसले की मी पेन उघडत असे.

आठवड्याभराने मी कॉलेजात गेलो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे प्रॅक्टिकल चालू होते. सर टेबलांमधून फिरत होते, नजर पोरांच्या नाकांवर. कुठे नाकपुडी आकसली की त्या टेबलाकडे वळत. मागच्या भिंतीला जब्बारभाई उभे होते. त्यांची नजर सरांवर होती.

प्रॅक्टिकल सुटल्यावर मी जब्बारभाईंना सायकल स्टँडवर गाठले. मी नुसते "सरांचं नाक," एवढेच म्हणालो.

"मेरेको पहले दिन से मालूम है, साहब," जब्बारभाई म्हणाले. "कोरोना के बाद कॉलेज खुला, पहलाच प्रॅक्टिकल. सर के हाथ से अमोनिया की बाटली उघडी राह्यली. पूरी लॅब खासून राह्यली, पोरी रडून राह्यल्या, अन् सर दूर दरवाजे की हवा में आरामसे हाजरी लेते बैठे." ते क्षणभर हसले. "खिडक्या मी उघडल्या. सरले म्हटलं, गर्मी हो रही. उस दिन से मैं पीछे खडा रहता."

"सरांना तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"क्या बोलूं? बडे आदमी. मुझे नोकरी पे उन्होंने ही पक्का करवाया." त्यांनी सायकलचे कुलूप काढले. "लेकिन इस महिने के आखिर में मैं रिटायर हूं. जगह भरणार नाईत म्हणतात. मेरे बाद पीछे कौन खडा रहेगा, येच सोचता रहता."

संध्याकाळी मी सरांकडे गेलो आणि सगळे सांगितले. सर कणीक मळत होते. अमोनियाचा प्रसंग ऐकताना त्यांचा हात थांबला.

"त्या दिवशी पोरी काहून रडत होत्या, ते मले आजपर्यंत समजलं नव्हतं," ते म्हणाले. "मले वाटलं, मी ओरडलो."

"सर, तुम्ही आता प्राचार्यांना सांगा."

"सांगतलं तं लॅब जाईल."

"जाऊ द्या."

"तुमाले सोपं आहे म्हणनं." त्यांनी कणकेचा गोळा झाकून ठेवला. "जब्बारनं चार वर्षांत एक सुट्टी घेतली नाई. पोरीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो प्रॅक्टिकलले हजर. मी स्टाफरूममध्ये सांगत फिरलो, शिस्त पाहा म्हटलं, माह्या हाताखाली राहून आली. अन् तो मले राखत होता."

दुसऱ्या दिवशी सरांनी अर्ज लिहिला. मला दाखवला, कारण भाषा पक्की करून हवी होती. अर्ज पाच वाक्यांचा होता. आपल्याला गंधज्ञान नाही, ही बाब आपण चार वर्षे लपवली, विद्यार्थ्यांच्या सुरक्षेच्या दृष्टीने आपल्याकडून प्रात्यक्षिके काढून घ्यावीत, आणि परिचराची जागा रिक्त ठेवू नये. पाचव्या वाक्यात जब्बारभाईंचे आभार होते. कार्यालयीन अर्जात आभार नसतात, असे मी म्हणालो. "असू द्या," सर म्हणाले. मी स्वल्पविराम दुरुस्त केले.

प्राचार्य रागावले नाहीत. ते घाबरले. तासाभरात प्रयोगशाळेच्या किल्ल्या एका नव्या प्राध्यापिकेकडे गेल्या. सरांकडे वर्गातले तास आणि विभागप्रमुखाची खुर्ची राहिली. परिचराच्या जागेवर तात्पुरता माणूस मिळाला, तोही आठवड्यात, म्हणजे प्राचार्य खरोखरच घाबरले होते. चोवीस बर्नर दुसऱ्याच्या हाती गेले. मी पुन्हा नीट झोपू लागलो.

फेब्रुवारीत एका कार्यक्रमाच्या वृत्तासाठी मी कॉलेजात गेलो होतो. वर पाहिले तर प्रयोगशाळेच्या दारासमोर व्हरांड्यात सर स्टुलावर बसलेले. आत प्रॅक्टिकल चालू होते: प्रत्येकाला दिलेले अनोळखी मीठ, म्हणजे क्षार, आम्ल टाकून आणि वास पाहून ओळखायचे.

"तुम्हाला इथे बसू देतात?" मी वर जाऊन विचारले.

"आत जायले मनाई आहे. व्हरांडा कोणाच्याच चार्जमध्ये नाई. मी पक्कं केलं." त्यांनी मला शेजारचे स्टूल दाखवले. ते पोरांसाठी रिकामे ठेवलेले असावे, कारण आम्ही बोलत असताना एक पोरगा बाहेर आला, त्यावर मी बसलेला पाहून घुटमळला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "सर, माह्या मिठाले आंबट वास आला."

"आंबट कसा?"

"विनेगर असते ना, पुस्तकात."

"पुस्तकातलं नको सांगू. तुले कसा आला?"

पोरगा विचारात पडला. "लोणच्याची बरणी खाली झाली, अन् धुतली नाई, तं येते तसा."

"बरोबर," सर म्हणाले. "जाय."

तो गेल्यावर मी विचारले, हे सगळे रोज चालते का.

"कोणी सांगतलं नाई त्याइले. आपोआप येतात." सरांनी एकदा दाराकडे पाहून घेतले. "मी घरी रोज वरणाले फोडणी देतो, पत्रकार. जिरं, हिंग, लसूण. मंगला टाके तसंच, तेवढंच. तेल तडतडते, मले दिसते. पण घरात काई शिजून राह्यलं, असं वाटतच नाई. कुलूप लावलेल्या घरात बसल्यासारखं वाटते."

आत कोणीतरी परीक्षानळी फोडली. सर उठले, दारापर्यंत गेले, आत सगळ्यांची नाके पाहिली आणि परत येऊन बसले.

एक मुलगी बाहेर आली. वैशाली राठोड, मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. सरांना न विचारता तिने कधी पुढचे पाऊल टाकलेले नाही, असे सरांनीच मला एकदा सांगितले होते. तिच्या हातात वही होती आणि डोळे भरलेले होते.

"सर, माह्या मिठाले वासच नाई. दोनदा केलं. सगळ्याइले काई ना काई आला. मले काईच येऊन नाई राह्यला."

"आम्ल टाकलं?"

"टाकलं."

"गरम केलं?"

"केलं. काईच नाई. आता मी काय लिहू? जागा खाली सोडू?"

"खाली काहून सोडतं?" सरांनी तिची वही घेतली, निरीक्षणाच्या रकान्यावर बोट ठेवले आणि वही तिला परत दिली. "वास नाई. असं लिही. हेबी निरीक्षणच असते."

मुलीने उभ्यानेच लिहिले. लिहून झाल्यावर तिने सरांकडे पाहिले.

"आता पुढची टेस्ट लाव," सर म्हणाले.