वामनरावांचं हाड मूलला थांबलं

वामनरावांच्या खुब्याचा झिजलेला गोळा गडचिरोलीच्या दवाखान्यात काढला आणि साडेअकराला संशोधक माधवी तो बर्फाच्या डब्यात घेऊन चंद्रपूरच्या प्रयोगशाळेकडे निघाली. दोनपर्यंत पोचायचं होतं. आधीची दोन हाडं उशिरा पोचून त्यांतल्या पेशी मेल्या होत्या. ही तिसरी, आणि शेवटची, संधी.

डब्यात काय आहे, हे जीपवाल्या मुखरूनं निघतानाच नर्सला विचारलं होतं. "वामनरावांचं हाड," ती म्हणाली. मुखरू वामनरावांच्याच गावचा, मूलचा. त्यानं जड आवाजात गावी एक फोन केला, चपला काढल्या आणि अनवाणी पायानं तीसच्या वेगात जीप हाकू लागला.

"मुखरूभाऊ, जरा जोरात!"

"अशा येळी घाई करू नये, ताई."

मूलच्या नाक्यावर पन्नास माणसं उभी होती. वामनरावांची बहीण आशाबाई हंबरडा फोडून पुढं आली. माधवी उतरेपर्यंत डबा पांढऱ्या फडक्यात गेला आणि लिंबाच्या फांदीला टांगला गेला. अस्थी घरात नेत नाहीत. माधवीला तो हिसकावून घेता येईना. गेल्या माघात तिनं स्वतः आईच्या अस्थींचं असंच गाठोडं झाडाला बांधलं होतं.

मग तिनं घड्याळ पाहिलं. एक वाजत होता. तिनं दवाखान्यात थांबलेल्या प्रफुलला, वामनरावांच्या मुलाला, व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर वामनराव उगवले. कमरेखाली बधिर, वरून ठणठणीत.

"काऊन रडून राह्यली वं, आशा?"

आशाबाई किंचाळून खालीच बसली. मुखरूनं गुपचूप चपला घातल्या.

"पन हाड कायले नेता, बाई?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"हाडातल्या पेशी जिवंत आहेत," माधवी भराभरा म्हणाली. "प्रत्येकीत आरएनएच्या चिठ्ठ्या असतात, सध्या काय काम चालू आहे त्याच्या. सगळ्या एकत्र वाचल्या तर नुसता गोंधळ. एकेकीच्या वेगळ्या वाचल्या की कळतं, हाड कोण बांधतंय आणि कोण खातंय."

"वा!" वामनराव खूश झाले. "सगळे मिळून रडले तं खरा कोन रडते समजत नाई. एकेकाले समोर आना."

"वामनराव, बर्फ वितळतोय!"

"दोन मिन्टं, ताई. सुनील, तू काऊन आला?"

"तुमची सायकल माह्याकडं हाय... वापस कोनाले देऊ, ते इचारायले."

चौघांची तपासणी झाली. मग वामनरावांनी आवाज बारीक केला. "झाडू नाई आला?" झाडू धाकटा भाऊ, मच्छी बाजारातला. शेताच्या बांधावरून नऊ वर्षं अबोला.

"आलता," आशाबाई म्हणाली. "सगळ्यायच्या आंधी. आत्ता कुठी गेला..."

तेवढ्यात झाडू धावत आला, डोक्यावर बर्फाचं टोपलं. "पेशी जित्त्या हायेत म्हने! सरका!" त्यानं फांदीवरून डबा काढला, हाडाची बंद बाटली तशीच ठेवून भोवती बर्फ ठासला आणि डबा जीपमध्ये ठेवला. फोनकडे त्यानं पाहिलंही नाही. वामनराव मात्र पाहत राहिले.

यावेळी मुखरूनं जीप अशी हाणली की माधवीनं डबा छातीशी धरला.

संध्याकाळी तिनं कळवलं, "वामनराव, शंभरातल्या एक्क्याण्णव जिवंत!"

"अन् नऊ मेल्या? झाडूनं बर्फ कमी टाकला असन. उद्या येऊ दे, झाडतोच त्याले."

"उद्या येणार आहेत ते?"

"येईनच ना. म्या फोन करून शिव्या देल्या. आता भांडाले आल्याबिगर राह्यते का तो?"