अस्सलबरहुकूम नक्कल

गुरुदत्त खांबेटे कॉलेज स्ट्रीटवर चालत्या ट्राममधून उतरला तेव्हा त्याच्या बगलेत दीडशे वर्षांची जुनी पोथी होती. पोथी बचावली, उजवा हात मोडला. चार भले बंगाली गृहस्थ धावत आले. एकानं हात पाहिला, दुसऱ्यानं पोथी पाहिली आणि उरलेले दोघे साहित्य श्रेष्ठ की शरीर यावर तिथेच उभ्या उभ्या वाद घालू लागले. वाद रंगात आला तेव्हा गुरुदत्तला कुणीतरी रिक्षात घातलं.

कलकत्त्यात मराठी विषय घेऊन एम.ए. करणारा तो त्या वर्षीचा एकुलता एक विद्यार्थी होता आणि शिकवायलाही एकटे वर्तकसरच. एकाला पडसं झालं की वर्ग बंद. प्रबंधासाठी सरांनी त्याला 'कनकलेखा-आख्यान' नावाचं, कुणा अनामिक कवीचं जुनं काव्य नेमून दिलं होतं. त्याची जगात एकच पोथी होती आणि ती इथल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहात पडून होती; सरांनीही ती अजून वाचली नव्हती. सरांनी स्वतः जामीन राहून ती आठ दिवसांसाठी सोडवली. आठ दिवसांत अकराशे ओव्या उतरवून घ्यायच्या आणि पोथी परत करायची. प्रबंध उतरला तर नागपूरच्या कॉलेजात जागा होती. नाही उतरला तर अण्णाकाकांनी गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत त्याच्यासाठी खुर्ची बघून ठेवलीच होती. त्या खुर्चीचं एक पाठीचं फळकूट सैल होतं, हेही ते त्याला वरचेवर सांगत.

आणि आता हात प्लास्टरमध्ये, वर ताप.

"त्यात काय एवढं?" अण्णाकाका म्हणाले. ते कचेरीत हेडक्लार्क होते आणि नक्कल हा शब्द ऐकला की त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ येई. "तीन जणं आहोत घरात. पोथी बाळबोधात आहे. वाटून घेऊ. बाग तुम्ही घ्या," हे सरलाकाकूंना, "मेजवानी स्मिता घेईल, युद्ध माझ्याकडे."

"काका, जसं आहे तसं लिहा हं. काना-मात्रासुद्धा बदलायची नाही," गुरुदत्त खाटेवरून कण्हला.

"अरे, तेवीस वर्षं दुसरं काय करतोय मी?"

आठवा दिवस उजाडला. गुरुदत्त तापात असतानाच काकांनी नकलेच्या शेवटच्या पानावर 'अस्सलबरहुकूम नक्कल' असं लिहून खाली सही ठोकली, पोथी संग्रहात पोहोचवली आणि नक्कल थेट वर्तकसरांच्या हातात देऊन ते कचेरीच्या वेळेला हजर झाले. संध्याकाळी गुरुदत्तचा ताप उतरला. काकूंनी पेज दिली आणि सहज म्हणाल्या, "तुझा तो कवी बरा होता रे, पण जिभेला हाड नव्हतं मेल्याच्या."

गुरुदत्तच्या हातातला चमचा थांबला. "म्हणजे?"

"अरे, राजा बागेत येतो काय, कनकलेखेच्या पदराला हात घालतो काय! घरात तरुण मुलगी वावरते. माझ्या हातून नाही लिहवलं. मी आपल्या त्या जागी माझ्या चार ओव्या घातल्या. सासरी दहा वर्षं पहाटेचं दळण दळलंय, ओव्यांना काय तोटा!"

"काकू!"

"दादा, मीपण थोडं नीट करून दिलं," स्मिता म्हणाली. ती जन्मापासून कलकत्त्याची. मराठी बोले, पण अंगावरच्या उसन्या साडीसारखी. "एवढा मोठा मेजवानी आणि मासे नाही? लोक काय म्हणेल? मी इलिश लिहिलं. मोहरी घालून."

गुरुदत्तनं शेवटच्या आशेनं काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा पुसला. "मी काही घातलं नाही. युद्धाच्या दोनशे ओव्या होत्या. तेच तेच. बाण सुटला, बाण लागला. मी त्याचे सात मुद्दे केले."

म्हणजे एक मासा, एक टिपण आणि एक सोवळी बाग. वर काकांची सही. उद्याच सरांना सगळं सांगायचं, असं गुरुदत्तनं ठरवलं आणि रात्रभर ती सैल फळकुटाची खुर्ची त्याच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात पाऊल टाकतो न टाकतो तोच वर्तकसरांनी त्याला प्लास्टरसकट मिठी मारली. "गुरुदत्त! सोनं आहे रे हे, सोनं! तुझ्या काकांना भेटायलाच हवं. रविवारी दुपारी जेवायला येतो."

बिचाऱ्या गुरुदत्तचं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. सांगायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं. पण पंचवीस वर्षांत वर्तकसरांना कुणी एवढं आनंदात पाहिलं नव्हतं, आणि त्या आनंदाच्या आड गुरुदत्तनं आपली भीती लपवली, हेही खरं.

रविवारी सर आले ते खिशात एक जाड लखोटा घेऊनच. "पुण्याच्या मासिकाला लेख लिहिलाय. जाताना पेटीत टाकणार. आता ऐका," पहिला घास घ्यायच्या आत त्यांनी सुरुवात केली. "हा कवी कोण, कुठला, आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. मला सापडलाय. कनकलेखेच्या मेजवानीत इलिश आहे! मोहरी घातलेला! मराठी कवीच्या पंगतीत इलिश येईल कुठून? हा माणूस भोसल्यांच्या फौजेबरोबर बंगालात आला होता!"

स्मितानं मान खाली घालून भाताचे तीनदा डोंगर केले.

"आणि फौजेत काय करत होता? तर पुढे ऐन युद्धात ओव्या थांबतात आणि येतात सात मुद्दे! 'सदरहू राजाने', 'सबब', 'येणेप्रमाणे'! म्हणजे तो दफ्तरातला कारकून होता!"

"तरीच," काका नकळत खुलले, "माणूस मुद्देसूद लिहितो."

गुरुदत्तनं टेबलाखाली काकांच्या पायावर पाय दिला. तो सरांचा निघाला. पण सर कुठले थांबायला! "आणि खरी प्रतिभा पाहायची तर बागेत. दुसरा कुणी असता तर शृंगारात वाहून गेला असता. हा बघा काय म्हणतो:

दमून आले राया, आधी धुवा हातपाय
ताटात वाढली मी, घट्ट दुधावरची साय

काय हा संयम! प्रेमाच्या ऐन प्रसंगी साय! आणि पुढे: 'जेवल्यावरी राया, शतपावली घाला दारी...'"

"'उद्याच्या दरबाराची, आज करावी तयारी,'" पोळीचा डबा घेऊन येताना सरलाकाकू सहज म्हणून गेल्या.

सरांचा घास हातात राहिला. "वहिनी, ही ओवी तुम्हाला कुठून येते?"

"अहो, माझीच आहे."

गुरुदत्तनं डोळे मिटून घेतले. सर मात्र उभेच राहिले. "तुमचीच! ऐकलंस गुरुदत्त? म्हणजे या ओव्या बायकांच्या तोंडी आजही जिवंत आहेत! लेखात एक पान वाढवायला हवं. वहिनी, तुमच्या आईकडून आली ना ही?"

"नाही हो भाऊजी. मागल्या मंगळवारी रचली."

"विनय म्हणतात तो हा!" म्हणत सरांनी खिशातून पेन काढलं.

आता मात्र गुरुदत्तला राहवेना. गप्प बसलं तर नागपूर मिळेल. पण हा साधाभोळा माणूस उद्या साऱ्या पुण्याच्या थट्टेचा विषय होईल. त्यानं डाव्या हातानं सरांचं पेन धरलं. "सर, लेख पाठवू नका. ओव्या काकूंच्या आहेत. इलिश स्मिताचा. मुद्दे काकांचे. मला चार दिवसांपासून ठाऊक आहे. चुकलं माझं."

वर्तकसर हळूहळू खाली बसले. त्यांनी स्मिताकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. काका पुटपुटले, "तेवीस वर्षांत एक खोटी सही नव्हती हो." सरांनी पुढ्यातलं श्रीखंड न खाता बाजूला सारलं. तेव्हा गुरुदत्तला हात मोडला होता त्याहून वाईट वाटलं.

"उद्या दहा वाजता संग्रहात ये," जाताना सर एवढंच बोलले. "मूळ पोथी बघू. तुझ्या प्रबंधाचं काय उरतं, तेही बघू."

सोमवारी दोघांनी पोथी उघडली. इलिश नव्हता. युद्धात बाणच बाण होते. सर एक एक पान उलटत होते आणि दर पानागणिक त्यांचे खांदे खाली येत होते. शेवटचं पान आलं. त्यावर पोथी लिहून काढणाऱ्या लेखनिकाच्या चार ओळी होत्या. त्या नकलेत नव्हत्या. काकांनी 'हा कार्यालयीन शेरा आहे, मजकूर नव्हे' म्हणून सोडून दिल्या होत्या. सर मोठ्यानं वाचू लागले:

"'मूळ ग्रंथी बागेचा प्रसंग फार अनावर होता. तो घरात लिहू दिला नाही. सबब मातोश्रींनी सौम्य करून सांगितला तैसा लिहिला. न्यूनाधिक असेल ते सज्जनांनी सांभाळून घ्यावे.'"

सरांनी ते पुन्हा वाचलं. मग त्यांच्या पोटातून असं काही हसू आलं, की शांतता राखा या पाटीखाली बसलेला ग्रंथपाल उठून उभा राहिला. खिशातला लखोटा त्यांनी चार तुकडे करून टोपलीत टाकला. "कवी गेला खड्ड्यात, गुरुदत्त! या नकला करणाऱ्यांवर लिही. घराघरांतून काव्य कसं बदलत जातं, यावर. एक पुरावा दीडशे वर्षांचा, दुसरा तुझ्या घरात जिवंत. असा प्रबंध कुणी लिहिला नसेल."

गुरुदत्त ट्राम पूर्ण थांबल्यावर उतरला आणि धावतच घरी आला. काका कचेरीत होते. काकू ताक घुसळत होत्या. त्यानं एका दमात सगळं सांगितलं. काकू आधी देवापाशी साखर ठेवून आल्या. मग पुन्हा रवीची दोरी हातात घेतली आणि थांबल्या.

"म्हणजे रे, त्या माउलीनं आधीच सगळं सौम्य करून दिलं होतं?"

"हो, काकू."

"मी जे वाचलं, पदराबिदराचं, ते सौम्य केलेलं?"

"हो."

काकूंनी दाराकडे पाहिलं. स्मिता कॉलेजात होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "मग मूळचं कसं होतं रे?"

गुरुदत्तनं तो प्रश्न जसाच्या तसा प्रबंधाच्या पहिल्या पानावर घातला. पुढच्या वर्षी त्याला पहिला वर्ग मिळाला आणि तो नागपूरला रुजू झाला. काकूंना उत्तर मात्र त्याला देता आलं नाही, आणि दर पत्राच्या शेवटी, ख्यालीखुशालीच्या खाली, त्या अजून विचारतात.