वैऱ्याची साक्ष आणि नारळाचा मान

“मला फसवील असा माणूस आगरदांड्यात अजून जन्माला यायचाय!” असं काळूराम तांडेल छाती फुगवून सांगे. संशय त्याच्या हाडीमासी मुरलेला! बायको मासळी विकून आली की विचारी, “पापलेटं खरंच विकलीस, का माहेरी पोचवलीस?” ती गप्प बसे. मग त्या गप्प बसण्याचाही त्याला संशय येई.

एकदा धक्क्यावर मिशन शाळेचे दयाराम मास्तर येशूबद्दल सांगत होते. काळूराम मध्येच तोंड घालून म्हणाला, “तो होऊन गेला हे कोन सांगतं? त्याचीच मानसं ना? घरच्या साक्षीला काय किंमत! वैरी काय म्हनतो ते बोला!”

कोळीवाड्याचा कायदाच होता तो. जाळ्यावरून भांडण झालं की साक्ष विरुद्ध होडीवाल्याची.

“वैऱ्यांनीही लिहिलंय की!” मास्तर म्हणाले. “एक रोमन सरदार लिहितो, आमच्या सुभेदाराने त्याला देहान्ताची शिक्षा दिली. वर त्याच्या पंथाला सणसणीत शिव्या!”

“शिव्या?” काळूरामचे डोळे चमकले. “मंग खरं हाय! न झालेल्या मानसापायी कोन तोंड खराब करील?”

ही अक्कल त्याने घरोघर वाटली. तिथेच घात झाला!

नारळी पौर्णिमा तोंडावर आली. दर्याला पहिला नारळ द्यायचा मान काळूरामच्या घराचा. पण बैठकीत विरुद्ध होडीचा विठोबा उठला. “नवाबाचं राज गेलं! आता मान पाळीपाळीनं. पयला नारळ तुझ्याच घरचा, हे कोन म्हनतं?”

“माझा बा सांगायचा! चुलता सांगायचा!”

“घरची साक्ष! वैरी आन!”

बैठक खदखदून हसली. काळूराम बैठकीत वैरी शोधू लागला. आज्यापासूनचा मान गेला तर कोळीवाड्यात तोंड कसं दाखवायचं? जुनं माहीत असलेली वैरीण एकच, खुद्द विठोबाची आई नीराबाई. ही म्हातारी बुडवणार, याबद्दल त्याला शंकाच नव्हती.

नीराबाई आली, पान थुंकली आणि म्हणाली, “व्हय, मान त्याच्या आज्यालाच दिलेला. ह्या डोळ्यांनी बघितलाय.”

काळूरामने टुणकन उडी मारली. लगेच संशयही आला. इतकं सरळ?

“का दिला, त्ये बी ऐका! होडी हलली की ह्याचा आजा ओकायचा! कोनी होडीत घेईना. सनाला वाळूत बसून रडायचा. शेवटी पंचांनी हातात नारळ दिला, ‘फेक बाबा, पन गप बस!’”

“खोटं! साफ खोटं!”

“घ्यायची तर सगळी साक्ष घे,” पंच म्हणाले, “न्हायतर मान सोड.”

काळूराम धापा टाकत मास्तरांकडे पळाला. “मास्तर, तुमचे विद्वान साक्षीतला थोडा भाग काढून थोडा ठेवतात का हो?”

“ठेवतात की! एका ज्यू इतिहासकाराच्या मजकुरात येशूच्या कुणा भक्ताने मागाहून भर घातली असावी, असं पुष्कळांना वाटतं. तेवढी ते वगळतात.”

“वाचलो! मंग आज्याचं ओकनं वगळा!”

“तसं नाही, तांडेल,” मास्तर हळूच म्हणाले. “वगळतात ती स्तुती. निंदा ठेवतात.”

पौर्णिमेला पहिला नारळ काळूरामनेच दिला. सगळा कोळीवाडा हात जोडून उभा होता आणि शेजारी नीराबाई, हातात कापलेलं लिंबू घेऊन!