सात नंबरचा बिल्ला

मंगळवारी सुमन गेली. दुपारी नर्सने तिच्या वस्तू पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. चष्मा, बांगड्या आणि पितळेचा बिल्ला. बिल्ल्यावर सातचा आकडा होता.

चष्मा आणि बांगड्या माझ्या बायकोच्या होत्या. बिल्ला मनोहरभाऊंच्या गाडीचा होता, आणि तो परत करायचा राहिला होता.

गाडीत बसायला बिल्ला कशाला, असं तुम्ही विचाराल. आमच्या घुग्घुसच्या गल्लीत नवीन राहायला येणारा प्रत्येक जण हेच विचारायचा. मनोहरभाऊ आमचे शेजारी, भिंतीला भिंत. नोकरीभर ते कोळशाच्या खाणीत हजेरीबाबू होते. खाली उतरणाऱ्या माणसाला नंबराचा बिल्ला द्यायचा, तो वर आला की बिल्ला परत घ्यायचा आणि पाटीवरच्या खिळ्याला टांगायचा. खिळा रिकामा दिसला तर माणूस अजून खाली आहे. सगळे खिळे भरले की पाळी सुटली. निवृत्त झाल्यावर त्यांची खाण सुटली, पण सवय सुटली नाही. त्यांनी घराच्या व्हरांड्यात तशीच एक पाटी ठोकली, बाजारातून पितळेचे बिल्ले करून आणले, आणि मग माणसं न्यायला-आणायला काहीतरी हवं म्हणून गाडी घेतली. लोक आधी गाडी घेतात आणि मग तिच्यासाठी जागा शोधतात. भाऊंचं उलटं होतं.

गाडी साधीसुधी नव्हती. नागपूरच्या एका डॉक्टरांनी वापरून सोडलेली स्वीडनची गाडी, रंगाने राखाडी आणि वजनाने रोडरोलरची धाकटी बहीण. कंपनीचं नाव भाऊंना कधी नीट घेता आलं नाही. ते तिला 'आपली स्वीडनवाली' म्हणत. हीच का घेतली, याचं कारण त्यांनी पेपरात वाचलेल्या एका मजकुरात होतं. छातीवरून आणि कमरेवरून जाणारा जो पट्टा आज जगातल्या सगळ्या गाड्यांत असतो, तो या कंपनीच्या एका इंजिनिअरने काढला. तो माणूस आधी विमानातल्या खुर्च्या करायचा. पट्टा तयार झाल्यावर कंपनीने तो स्वतःपुरता ठेवला नाही, ज्याला हवा त्याला वापरू दिला.

"बनवला आन् सगळ्याईले वाटून देल्ला," भाऊ सांगत. "असा मानूस आपल्या खाणीत पाह्यजे होता."

हा इतिहास ते कीर्तनकारासारखा रंगवून सांगत. तिकडे लहान लेकराला मागे तोंड करून बसवतात, म्हणजे धक्का बसला तर मान सांभाळली जाते. अपघात झाला की कंपनीची माणसं टेप घेऊन तिथे जातात आणि कुठे काय मोडलं ते मोजतात. तिकडच्या रस्त्यावर सांबराच्या जातीचं एक जनावर आडवं येतं, पण म्हशीहून मोठं. त्याला चुकवता येतं का हे पाहून मगच गाडी बाहेर पडते. हे शेवटचं ऐकून भाऊ फार खूश झाले होते. कोठारीच्या जंगलात आपल्याकडे रोही, म्हणजे नीलगाय, अशीच आडवी येते. म्हणजे स्वीडनच्या लोकांनी गोंडपिपरी रोड डोळ्यांसमोर ठेवूनच गाडी बांधली, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

गाडीत बसण्याचा विधी ठरलेला. आधी बिल्ला. मग पट्टा. पट्ट्याचा 'टक्' असा आवाज भाऊंना स्वतःच्या कानाने ऐकू यावा लागे. "टक् झालं का?" हा त्यांचा प्रश्न, आणि झालं म्हणून भागत नसे. पुन्हा काढून पुन्हा लावायला लागायचं. एकदा तांदळाचा कट्टा मागच्या सीटवर ठेवला तर माणूसच बसलाय असं समजून गाडी कुंईकुंई करू लागली. भाऊंनी उतरून कट्ट्यालाही पट्टा लावला. कट्ट्याला बिल्ला मात्र दिला नाही. तो जिवंत माणसाचा मान होता.

हा नियम तपासून पाहण्याचा मोह सुमनला झाला. तिच्या गोंडपिपरीच्या बहिणीकडे ती कोंबडी नेत होती. भाऊ, हिला बिल्ला नाही का, असं तिने गंभीर चेहऱ्याने विचारलं. भाऊंनी त्याहून गंभीरपणे विचार केला.

"तिथी गेल्यावर ठेवाची हाये का कापाची?"

"कापायची."

"मंग नाई," भाऊ म्हणाले आणि गाडी सुरू केली.

सुमन आणि भाऊ यांची अशी जुगलबंदी चाले. ती पुढच्या सीटवर, मी शिक्षक माणूस मागे पुस्तक घेऊन. गाडी चाळिशीच्या वर जात नसे, त्यामुळे माझं वाचन चांगलं होई. कोळशाचे ट्रक, सिमेंटचे ट्रक, पाळीवर निघालेल्या मोटरसायकली, एकदा तर बैलबंडीसुद्धा, असे सगळे आम्हाला मागे टाकून जात.

स्वीडनकडे अंधार फार, म्हणून या गाडीचे दिवे दिवसाही जळतात. समोरून येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला दिवा चालू राहिल्याची आठवण करून द्यायला हाताची मूठ उघडून मिटून दाखवी. भाऊ प्रत्येकाला हात वर करून उत्तर देत. आपल्याला खाणीतली एवढी माणसं अजून ओळखतात, याचं त्यांना नवल वाटे. पुष्कळ दिवसांनी सुमनने त्यांना त्या खुणेचा खरा अर्थ सांगितला. मग पुढच्या मोटरसायकलवाल्याने मूठ उघडली, तेव्हा त्यालाही त्यांनी हात केला.

सीट गरम करण्याचं बटन हा स्वीडनचा आणखी एक नमुना. ऐन मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, सुमनच्या हाताने ते दाबलं गेलं. आपल्याला ताप आला आहे, असं तिने दोनदा सांगितलं. बल्लारपूर आलं तेव्हा ती म्हणाली, ताप फक्त बसायच्या जागी आहे. मग बटन सापडलं. त्या दिवसापासून भाऊंनी त्यावर चिकटपट्टी लावली.

लग्न का केलं नाही, असं तिनेच त्यांना एकदा विचारलं होतं. तीन पाळ्यांत सवड भेटली नाई, असं उत्तर मिळालं. त्यानंतर आमच्याकडे भाजी झाली की एक वाटी भिंतीपलीकडे जाऊ लागली.

खाणीतला त्यांचा एक किस्सा सगळ्या घुग्घुसला ठाऊक आहे. एकदा पाळी सुटली, सगळे वर आले, आणि पोचन्ना नावाच्या सिरोंच्याकडच्या गड्याचा खिळा रिकामा राहिला. भाऊंनी माणसं खाली पाठवली. पुढची पाळी तोंडाशी उभी राहून शिव्या देत होती. साहेब येऊन ओरडून गेले. भाऊ जागचे हलले नाहीत. शेवटी कोणीतरी सांगत आलं की पोचन्ना शेजारच्या वस्तीत लग्नाच्या पंगतीत बसला आहे, बिल्ला कमरेला तसाच. तो गर्दीत सगळ्यांच्या आधी वर येऊन सटकला होता. आता भाऊ त्याला तुडवणार म्हणून लोक मागोमाग गेले. भाऊंनी पोचन्नाकडे पाहिलं, त्याच्या शेजारी पाट ओढला आणि बुंदी वाढायला सांगितली. पुढे कित्येक वर्षं लोक त्यांना 'बुंदी आली का, भाऊ?' असं चिडवत.

सुमनला बरं वाटेनासं झालं त्या सकाळी मी भिंतीवरून हाक मारली. भाऊ गाडी घेऊन आले. तिला पुढच्या सीटवर बसवलं. घाईत आधी पट्टा त्यांनी स्वतः लावला, आणि मग व्हरांड्यात जाऊन बिल्ला घेऊन आले.

"भाऊ, आजही?" ती म्हणाली. तिला हसायचं होतं.

"आजच तं पाह्यजे, बाई."

त्या दिवशी स्वीडनवाली पहिल्यांदा ट्रकांच्या पुढे गेली. चंद्रपूरला पोचल्यावर सुमनला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा बिल्ला तिच्या मुठीत होता. भाऊंनी तो मागितला नाही. वापस येतानी घेतो, एवढंच म्हणाले. उशीर झाला म्हणून सुमन गेली असं नाही, असं डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. मी ते भाऊंना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर गाडीवर ताडपत्री पडली. गल्लीत कोणी म्हणे पार्ट मिळत नाही, कोणी म्हणे म्हाताऱ्याचे डोळे गेले. भाजीची वाटी आता भिंतीच्या पलीकडून इकडे येऊ लागली. भाऊंच्या हातचं वरण पातळ असतं. ते वाटी ठेवत, माझ्याशी उन्हाबद्दल बोलत आणि जात. बिल्ल्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. तो माझ्या टेबलावर पुस्तकांच्या शेजारी होता. माझ्या खिडकीतून त्यांचा व्हरांडा दिसतो. पाटीवरचा सातवा खिळा रिकामा होता. हक्काची वस्तू परत द्यायला मला भिंतीला वळसा घालायचा होता फक्त, पण ते होत नव्हतं.

मग गोंडपिपरीहून सुमनच्या भाचीचा फोन आला. तिला मुलगी झाली होती, बारसं होतं. मावशी नाही, निदान काका तुम्ही तरी या, असं ती म्हणाली. एसटी होती. मी एसटीची वेळही विचारून ठेवली. बारशाच्या दिवशी सकाळी मात्र बिल्ला खिशात घालून मी भाऊंकडे गेलो.

ते पाटीखाली खुर्ची टाकून बसले होते. मी बिल्ला त्यांच्यासमोर धरला. त्यांनी हात पुढे केला नाही.

"मांगून घ्याचा होता तुमी," मी म्हणालो. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांची भाषा माझ्या तोंडात कधी शिरली, मला कळलं नाही.

"कसा मांगू, सर? हा खिळ्यावर आला का मोजनी पुरी होते." ते बिल्ल्याकडे पाहत राहिले. "त्या टायमाले पोचन्ना बुंदी खाऊन राह्यला होता. मले वाटे, बाईबी अशाच कुठीतरी गेल्या असन."

रस्त्यावरून ट्रक गेला, धूळ आत आली. मग भाऊंनी बिल्ला घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि उठून खिळ्याला अडकवला. तो हलायचा थांबेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

मग त्यांनी शेजारचा आठ नंबर काढून माझ्या हातात ठेवला आणि ताडपत्री ओढायला गेले. मी सवयीने मागचं दार उघडलं.

"पुढं बसा," ते म्हणाले. "टक् झालं का?"

मी पट्टा काढून पुन्हा लावला.

भाचीची मुलगी आता बसायला लागली आहे. तिच्यासाठी भाऊंनी नागपूरहून मागे तोंड करून बसवायची खुर्ची आणली आहे. आम्ही महिन्यातून एकदा गोंडपिपरीला जातो. मोटरसायकलवाले मूठ उघडतात, आणि मीही हात वर करतो. बटनावर चिकटपट्टी आहे. सात नंबर पाटीवर आहे आणि तो कोणाला दिला जात नाही.