नापास व्हायचा मान

एका जंगलात, बाळांनो, नदीच्या अलीकडे एक छोटी शाळा होती. अलीकडे म्हणजे कुठे, असं विचारू नका. आपण बसलोय ती बाजू अलीकडची. पलीकडे मोठी शाळा होती. मधे नदी होती आणि नदीत मगर होती. एवढा भूगोल डोक्यात पक्का करा, म्हणजे मग मधेच 'काय झालं, काय झालं' करायला नको.

अलीकडची शाळा करंजाच्या झाडाखाली भरायची. पोरं दहा आणि बाई एक. त्या टिटवीबाई. पाय काडीसारखे, पण आवाज असा की डुलक्या घेणारी म्हैस उठून पाढे म्हणू लागावी. टिटवी म्हणे आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते. आपल्या बाईंना आभाळाची काळजी नव्हती, शाळेची होती. उद्या कुणाच्या मनात आलं आणि शाळा बंद केली, तर ही चिल्लीपिल्ली नदी ओलांडून जाणार कशी? सशाच्या पिल्लाला तर डबक्यात पाय घालायचीसुद्धा भीती वाटायची.

आता शाळा आली म्हणजे समिती आली. समितीत आईबाप असावेत असा नियम होता. पण आईबापांना पोट होतं, त्यांना चरायला जावं लागे. मग सभेला येणार कोण? ज्याला कामधाम नाही तो. रानडुक्कर अध्यक्ष झाले ते असेच. ते झाडाखाली लोळत होते, तेवढ्यात तिथे सभा भरली. उठायचा कंटाळा आला म्हणून ते अध्यक्ष झाले.

समितीत 'शिक्षणप्रेमी' नावाची एक जागा असते. ती मगरमावशींना मिळाली. आणि खोटं कशाला बोला, मावशींना शाळेतली पोरं मनापासून आवडायची. प्रत्येक सभेत त्या एकच ठराव मांडत.

"एवढीशी शाळा काय कामाची? पलीकडे केवढी मोठी शाळा आहे! पोरांना तिकडे पाठवा. नदीतून न्यायचं मी बघते."

असं म्हणून त्या डोळे पुसत. अध्यक्षांना वाटे, काय हा जिव्हाळा!

अनुदान यायचं वर्षातून एकदा. ते आलं की अध्यक्ष शाळेच्या आवारात एक मोठा खड्डा खणत. कशासाठी, ते कधी ठरलं नव्हतं. पण रानडुकराला खणता येतं, आणि खड्डा असला की खर्च झालेला दिसतो. पोरं त्या खड्ड्यांत लपाछपी खेळत. उरलेल्या पैशांत बाई खडू आणत आणि खिचडीचे तांदूळ आणत.

एके दिवशी सभेला बगळेसाहेब आले. हे वरचे साहेब. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे, डोळे मिटलेले. ध्यान म्हणावं तर ध्यान, डुलकी म्हणावी तर डुलकी.

"वरून नवा नियम आलाय," साहेब डोळे न उघडता म्हणाले. "निम्म्याहून कमी पोरं पास झाली, तर शाळा मागास. मागास शाळा बंद करायची आणि पोरं पलीकडे पाठवायची."

"आणि निम्म्याहून जास्त झाली तर?" बाईंनी आशेनं विचारलं.

"तर शाळा प्रगत. एवढी हुशार पोरं छोट्या शाळेत कुजवायची का? तीही बंद करायची आणि पोरं पलीकडे पाठवायची."

बाई पुढे सरकल्या. "मग चालू कुठली राहणार, साहेब?"

"बरोबर निम्मी पास झाली, तर शाळा होतकरू. होतकरू शाळेला अनुदान."

"वा वा! झकास नियम," अध्यक्ष म्हणाले. "कळला नाही, पण मंजूर!"

मगरमावशींनी नुसतं एकदा जिभेनं दात चाटले. जिभेनं मगरीला दात चाटता येत नाहीत, असं कुणी म्हणेल. गप्प बसा. गोष्ट चालू आहे.

बाईंनी दुसऱ्या दिवशी पोरांची चाचणी घेतली. निकाल पाहिला आणि त्यांनी कपाळाला पंख लावला. दहापैकी नऊ पोरं पास. अहो, बाईंनीच शिकवलेली पोरं ती! वर्षभर घसा फोडला होता, त्याचं हे फळ. दहावा तेवढा नापास. तो गव्याचा ठोंब्या. अंगानं झोपडीएवढा, मनानं लोण्यासारखा. प्रश्न कुठलाही विचारा, ठोंब्या ठासून उत्तर देणार आणि ते चुकणार. एकदाही दगा दिला नव्हता त्यानं.

"मेले मी," बाई म्हणाल्या. "आता चार जणांना तरी अडाणी करायला हवं."

पण आलेलं विसरायला लावणं सोपं असतं का? मग बाईंनी युक्ती काढली. साहेब तोंडी परीक्षा घेत. ते एक वाक्य सांगणार आणि पोरांनी 'खरे' की 'खोटे' ते म्हणायचं. बाईंनी चार पोरं निवडली. माकडाचा मुलगा, सायाळाची मुलगी, खार आणि मुंगूस.

"तुम्ही चुकायचं," बाईंनी बजावलं. "पण असं चुकायचं की साहेबांना खरं वाटलं पाहिजे. जरा डोकं खाजवायचं, आणि मग चुकायचं."

आणि काय सांगू, बाळांनो! त्या दिवसापासून शाळेला असा रंग चढला म्हणता! चुकायचं तर बरोबर काय ते आधी ठाऊक हवं. चारही पोरं बाईंना प्रश्नांनी भंडावून सोडू लागली. हे खरं का ते खरं? मग यातलं खोटं कुठलं? त्यातल्या त्यात पटण्यासारखं खोटं कुठलं? सुट्टी झाली तरी पोरं घरी जाईनात. माकडाचा मुलगा तर इतका सुंदर चुकायचा की बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मग ही गोष्ट आईबापांच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी हरिणी तणतणत आली.

"बाई, माझी मुलगी नापास का नाही?"

"अहो, ती पास होणारे. चांगलंच आहे की."

"चांगलं काय त्यात? सायाळीण गावभर सांगत सुटलीय, माझी मुलगी शाळेसाठी नापास होणार म्हणून. आमच्यात काय कमी आहे?"

"तसं नाही हो, पाचच जागा आहेत..."

"मग वशिला लागतो म्हणा ना सरळ!"

बाईंनी हात जोडले, पंख जोडले, तेव्हा कुठे हरिणी गेली. जाताना म्हणालीच, "पुढच्या वर्षी मात्र आमचा विचार करा."

या सगळ्या गडबडीत ठोंब्या मागे बसून असायचा. बाई त्याच्या पाठीवर पंख ठेवून म्हणायच्या, "तू काळजी करू नको रे. तू आपला नेहमीसारखी उत्तरं दे." ठोंब्या मान हलवायचा. पण मनातून तो फार खट्टू झाला होता. सगळे शाळेसाठी काही ना काही करणार आणि आपण तेवढे नुसते बसणार? शाळा काय त्याची नव्हती?

परीक्षेचा दिवस उजाडला. बगळेसाहेब एका पायावर उभे राहिले. अध्यक्ष ताज्या खड्ड्यात बसले. मगरमावशी सरपटत काठावर आल्या आणि पोरांकडे मायेनं पाहू लागल्या.

"सूर्य पश्चिमेला उगवतो," साहेब म्हणाले.

"खरे!" माकडाचा मुलगा डोकं खाजवून म्हणाला. बाईंनी मनातल्या मनात त्याची दृष्ट काढली.

एकेक करून चार पोरं चुकली. एकेक करून पाच पोरं पास झाली. आता राहिला ठोंब्या. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. हा तर घरचाच नापास.

"मासे झाडावर घरटी बांधतात," साहेब म्हणाले.

ठोंब्यानं खूप विचार केला. "खोटे," तो म्हणाला.

बाई दचकल्या. असेल, चुकून आलं असेल.

"मुंगी हत्तीपेक्षा मोठी असते."

"खोटे."

"पावसाळ्यानंतर हिवाळा येतो."

"खरे."

"अरे ठोंब्या!" बाई ओरडल्या. पण ठोंब्या थांबेना. एकामागून एक सगळी उत्तरं बरोबर. सहा पोरं पास! साहेबांनी कधी नव्हे ते दोन्ही डोळे उघडले.

"शाळा प्रगत! अभिनंदन, बाई."

मगरमावशींना हुंदका आवरेना.

बाईंनी ठोंब्याला झाडामागे नेलं. "अरे मेल्या, हे काय केलंस?"

"मी पण चुकलो, बाई," ठोंब्या आनंदानं म्हणाला. "मला जे जे बरोबर वाटलं ना, त्याच्या सगळं उलट सांगितलं. शाळेसाठी!"

आता याला मारायचं की कुरवाळायचं? बाईंनी त्याच्या नाकावर चोच टेकवली आणि त्या ढसाढसा रडल्या. नऊ पोरांना त्यांनी डोक्यानं शिकवलं होतं. या एकाला काही म्हणजे काही शिकवता आलं नव्हतं, आणि हाच आपला जीव शाळेवरून ओवाळून मोकळा झाला होता.

लगेच समारंभ झाला. बाईंना शाल आणि नारळ मिळाला. शाल गव्याच्या मापाची होती, बाई तिच्याखाली दिसेनाशा झाल्या. अध्यक्षांचं भाषण झालं. ते म्हणाले की ही प्रगती खड्ड्यांमुळेच झाली. मग सगळे मिरवत नदीवर गेले, कारण पोरांना आजच पलीकडे पाठवायचं होतं.

"या गं, या रे," मगरमावशी पाण्यातून म्हणाल्या. "पाठीवर बसा. आधी ते सशाचं छोटं येऊ दे. ते पुढे बसेल, तोंडाजवळ. म्हणजे माझं त्याच्यावर लक्ष राहील."

सशाचं पिल्लू बाईंच्या शालीत शिरलं.

बाई जन्मभर वरचे हुकूम पाळत आल्या होत्या. त्यांनी शाल फेकली. नारळही फेकला, तो अध्यक्षांच्या पाठीत बसला. आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात त्या ओरडल्या, "माझी पोरं जाणार नाहीत! काय करायचं ते करा!"

साहेबांनी दुसरा पायही खाली टेकवला. असं नोकरीत पहिल्यांदाच झालं होतं.

"बाई, असं कसं चालेल? कागदावर तर ती पलीकडे गेलीसुद्धा. मी सकाळीच वर कळवून टाकलं."

"मग कागदावर जाऊ देत."

साहेबांनी पुन्हा डोळे मिटले. बराच वेळ विचार केला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे कागदावर पलीकडे, आणि इकडे... काहीच नाही. इकडे शाळाच नाही. मग मला इकडे यायलाही नको. अहो, मग अडचण काय आहे?"

"अडचण?" मगरमावशी फुत्कारल्या. "आणि मी काय करू? इतकी वर्षं शिक्षणाची कळकळ पोटात घेऊन बसलेय!"

तेव्हा मागून ठोंब्यानं हात वर केला. पाय म्हणा हवं तर.

"साहेब, मावशींना पण कागदावरच जेवू द्या ना."

सगळी पोरं बाईंकडे बघू लागली. बाई हसल्या.

"बरोबर!" त्या म्हणाल्या. ठोंब्याचं उलटं न करता बरोबर आलेलं हे पहिलंच उत्तर.

तर अशी अलीकडची शाळा बंद झाली. दुसऱ्या दिवशी ती करंजाखाली नेहमीच्या वेळेला भरली. साहेब आले नाहीत. अनुदान आलं नाही, त्यामुळे खड्डाही झाला नाही. अध्यक्षांना अध्यक्षपद उरलं नाही, पण ते तिथेच लोळत राहिले. एक दिवस ऐकता ऐकता त्यांना बेरीज आली. बाईंचा पगार थांबला. पण तो आधीही कधी वेळेवर येत नसे, म्हणून थांबल्याचं बाईंना फार उशिरा कळलं. खिचडीला हरिणी, सायाळीण आळीपाळीनं दाणे आणू लागल्या. आणि पोरं अशी शिकली, अशी शिकली, की ठोंब्यासुद्धा दिवसाआड एखादं उत्तर बरोबर देऊ लागला.

पलीकडच्या मोठ्या शाळेचं म्हणाल, तर तिची सगळी पोरं अशीच कागदावरून गेलेली, त्यामुळे तिथे परीक्षेच्या दिवशी एकही पोर नव्हतं. साहेबांनी रिकामे बाक मोजले आणि निम्मे पास केले. शाळा होतकरू ठरली. तिला अनुदान मिळालं.

मगरमावशी अजून काठावर येऊन रडत असतात. आणि त्या अश्रूंबद्दल कुणी काही वाईट बोलू नये. ते आता अगदी खरे आहेत.

तात्पर्य : आपल्या गावची शाळा उत्तम चालावी अशी तळमळ असेल, तर ती आधी बंद करून घ्यावी. सुरू असलेली शाळा सुधारायला फार लोक धावून येतात.