घोडीच्या जागेवर

निवृत्त ग्रंथपालांनी घोडीच्या प्रवासासाठी ज्या चौदा सूचना लिहिल्या होत्या, त्यांतली एकही चुकीची नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जो घोटाळा झाला तो सूचना चुकल्यामुळे झाला नाही. सगळ्यांनी त्या अक्षरशः पाळल्या म्हणून झाला.

घोडी त्यांच्या लेकीची. लेक घोडेस्वारी शिकवायची आणि ती शाळा आता बंद झाली होती. बाकीचे घोडे आधीच गेले. ही राखाडी, अठरा वर्षांची घोडी तेवढी उरली. लेकीला साठ किलोमीटरवर नवी नोकरी लागली होती आणि तिथल्या तबेल्यात घोडीसाठी एक जागा राखून ठेवलेली होती. इथला तबेला मात्र आज संध्याकाळपर्यंत रिकामा करून द्यायचा होता.

अडचण एकच होती, पण ती घोडीएवढी मोठी होती. सहा वर्षांपूर्वी कुणा दुसऱ्या ड्रायव्हरने भर वेगात ब्रेक दाबला आणि घोडी ट्रेलरमध्ये दोन्ही गुडघ्यांवर पडली. गुडघ्यांवर नंतर केस आले ते पांढरे आले. तेव्हापासून ट्रेलरचा रॅम्प दिसला की ती पुढचे दोन पाय त्यावर ठेवायची, विचार करायची आणि दोन्ही पाय सभ्यपणे मागे घ्यायची. चालत जाता येईल एवढ्या अंतरावर तिला ठेवून घ्यायला तयार असलेला माणूस एकच होता. तो वीटभट्टीवाला, आणि तो तिला गाडीला जुंपणार होता. त्याचा विषय निघाला की लेक ताटावरून उठून जायची.

ग्रंथपालांनी उभ्या आयुष्यात घोड्याला हात लावला नव्हता. लांबून मात्र त्यांना या घोडीबद्दल फार आदर वाटे. ते तिला अहो-जाहो करत. इतक्या मोठ्या आणि इतक्या शांत प्राण्याला एकदम अगं म्हणणं त्यांना जमत नसे. लेकीचं तोंड उतरलेलं त्यांना बघवेना, तेव्हा त्यांना जे एकच काम येत होतं ते त्यांनी केलं. तीन आठवडे बसून घोड्यांच्या प्रवासावरची तीन जाडी पुस्तकं वाचली, आणि सुवाच्य अक्षरात चौदा सूचना काढल्या. आपण काढलंय ते बरोबर असेल का, या शंकेने त्यांनी त्या चारदा पुन्हा लिहून काढल्या.

ट्रेलरवाल्याला सगळे मामा म्हणत. बावीस वर्षं घोडे नेणारा हा माणूस फारसा बोलत नसे. झाडाखाली उभा राहून त्याने ओठ हलवत चौदाच्या चौदा सूचना दोनदा वाचल्या.

"सात नंबर अगदी माझ्या मनातला लिहिलात," तो म्हणाला. "घोड्यांत किती वर्षं काढलीत साहेब?"

"घोड्यांत नाही," ग्रंथपाल ओशाळून म्हणाले. "पुस्तकांत. चाळीस."

मामाने कागदाची घडी करून ती वरच्या खिशात ठेवली, आणि सूचना दोनप्रमाणे गाडीत जाऊन समोर बघत बसला. अनोळखी माणूस दिसला की घोडी बुजते, म्हणून ड्रायव्हरने मागे वळून पाहायचं नव्हतं. सूचना तीन अशी होती की कुणीही आरडाओरडा करू नये, फोन बंद ठेवावेत, आणि घोडी आत जाऊन रॅम्प लागला की बाहेरून हाताने दोनदा ठोकावं. मग ड्रायव्हरने अलगद निघावं.

लेक तबेल्यात घोडीच्या पायांना पट्ट्या बांधत होती. तेवढ्यात ग्रंथपालांना वाटलं, गवताची जाळी सूचना पाचप्रमाणे पुरेशी उंच बांधली आहे का? खाली लोंबली तर त्यात पाय अडकतो. त्यांनी कोट काढून तबेल्याच्या दारावर अडकवला आणि रॅम्पवरून ते आत गेले. जाळी बरोबर होती. मग खालच्या रबराची कड वळली आहे का ते बघायला ते अगदी पुढच्या आडव्या फळीपलीकडे वाकले.

त्याच वेळी त्यांची बायको थर्मास घेऊन अंगणात आली. उघडं दिसलं की लावून टाकायचं, हा तिचा लग्नापासूनचा शिरस्ता होता. त्यामुळे त्यांच्या घरात आजवर मांजर शिरलं नव्हतं, आणि ग्रंथपाल दोनदा गच्चीवर अडकून पडले होते. ट्रेलर उघडा, आत कुणी दिसत नाही, म्हणजे धूळ जाणार. तिने रॅम्प उचलून लावला. कडी घट्ट होती. तिने तळहाताने एकदा ठोकली. बसली नाही, म्हणून आणखी एकदा.

मामा अलगद निघाला.

इतका अलगद, की हातावर पडलेला उजेड हलायला लागला तेव्हा कुठे ग्रंथपालांच्या लक्षात आलं. बायकोने गाडी फाटकातून बाहेर पडताना पाहिली. वळवून आणत असेल, असं तिला वाटलं. शिवाय ओरडायचं नाही, असं नवऱ्यानेच तीन आठवडे घोकून घेतलं होतं.

ग्रंथपाल आधी "अहो, ऐकलंत का" म्हणाले. हे त्यांनी वाचनालयाच्या आवाजात म्हटल्यामुळे त्यांनाच ऐकू आलं. मग त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं. मग मुठीने ठोकलं. गाडीचा वेग कमी झाला. त्यांना हायसं वाटलं, पण गाडी थांबली नाही, तशीच हळू चालत राहिली, आणि त्यांना सूचना सात आठवली. 'घोडी कितीही आपटली तरी थांबू नये, रॅम्प उघडू नये. आपटलं की सुटका होते असं ती शिकेल. फक्त वेग कमी करावा.'

आता एखाद्याला संताप आला असता. ग्रंथपालांना आधी भरून आलं. चाळीस वर्षं त्यांनी भिंतीवर 'शांतता राखा' असं लावून ठेवलं होतं आणि ते कुणी एक दिवसही पाळलं नव्हतं. त्यांच्या हातचं लिहिलेलं कुणीतरी शब्द न शब्द पाळतंय, असं हे पहिल्यांदाच घडत होतं.

पण मग घोडी अंगणातच राहिली हे आठवून त्यांचा जीव खालीवर झाला. संध्याकाळपर्यंत ती गेली नाही तर वीटभट्टी. त्यांनी बुटाने भिंतीला दोन लाथा घातल्या. वेग आणखी कमी झाला. त्यांनी अजून एक घातली. खिडकीच्या गजांतून दिसलं की एक सायकलवाला त्यांना मागे टाकून पुढे गेला. या हिशेबाने आणखी चार लाथा घातल्या तर गाडी उद्या पोहोचेल, हे ओळखून त्यांनी आपटणं बंद केलं. लगेच गाडीने पहिल्यासारखा वेग घेतला.

सिग्नलला शेजारी एक बस येऊन थांबली. खिडकीतल्या बाईंनी पाहिलं, तर घोड्याच्या ट्रेलरमध्ये गजांआड एक चष्मेवाले गृहस्थ. मदतीला हाक मारायची हीच वेळ होती. पण अनोळखी बाईंशी एकदम बोलायचं कसं? ग्रंथपालांनी नमस्कार केला. बाईंनीही केला. बस गेली.

मग करण्यासारखं काहीच उरलं नाही, म्हणून ते घोडीच्या जागेवर जाऊन उभे राहिले, आणि हळूहळू त्यांना एक गोष्ट जाणवायला लागली. प्रत्येक वळणाच्या बरंच आधी गाडी किंचित मंदावायची, जणू सांगायची की आता वळायचंय हं. मग वळण यायचं ते पायांना आधीच कळलेलं असायचं. गतिरोधकावरून एकेक चाक असं चढायचं-उतरायचं की म्हातारं माणूस उंबरा ओलांडतंय असं वाटावं. 'तोल सावरण्यास प्राण्याला अवधी द्यावा' हे वाक्य ग्रंथपालांनी पुस्तकातून उतरवून घेतलं होतं. त्याचा अर्थ आज त्यांच्या गुडघ्यांना कळला. त्यांनी गज सोडून पाहिला. काही झालं नाही. अर्ध्या तासात ते कशालाही न धरता उभे होते, आणि पाऊण तासात गवताला टेकून गाढ झोपले होते.

जाग आली तेव्हा गाडी सावलीत उभी होती. पुढची छोटी झडप उघडली होती आणि तिच्यातून पाण्याची बादली आत आली होती. बादलीमागे मामाचा हात होता, आणि हातामागे दुसरीकडे वळवलेला चेहरा. सूचना अकरा. घोड्याच्या डोळ्यांत रोखून बघू नये.

"घे बाई, पाणी घे," मामा रस्त्याकडे बघत म्हणत होता. "शहाणी आहेस तू. थोडी आपटलीस, पण लगेच समजलीस. अर्ध्याहून जास्त झालंय बघ."

इतक्या मायेने ग्रंथपालांशी बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं. त्यांना तहानही लागली होती. ते ओंजळीने दोन घोट पाणी प्यायले, आणि सवयीने म्हणाले, "आभारी आहे."

बादलीतलं पाणी हललं नाही. हात असावा तर असा.

मामाने चेहरा तसाच वळवलेला ठेवून विचारलं, "कोण बोललं?"

"मी. सूचना लिहिणारा."

"आणि घोडी?"

"त्या आल्या नाहीत."

मामाने फोन सुरू केला. लेकीचे एकोणीस कॉल येऊन गेले होते. तिने आधी ग्रंथपालांना फोन लावला होता, तो सूचना तीनप्रमाणे बंद, तबेल्याच्या दारावर कोटात होता. मग बायकोला रॅम्प आठवला, आणि मग कोट कुणाचा आहे ते दोघींच्या लक्षात आलं. लेक एवढंच विचारत होती की बाबा बरे आहेत ना. बायकोने फोन हिसकावून घेतला आणि विचारलं, "जाताना सांगून जायला काय होतं?"

मामाने त्यांना लगेच बाहेर काढायचं ठरवलं, कारण माणसाला मागे बसवून नेणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. पण बायकोने ठोकलेली कडी अशी बसली होती की हातोड्याशिवाय निघेना, आणि हातोडा तबेल्यात. तिथे परत जाण्यावाचून इलाज नव्हता. मामा पुन्हा पुन्हा माफी मागत होता. ग्रंथपाल चालेल, चालेल म्हणत राहिले. आपल्याला बरंच वाटलंय, हे त्यांनी कळू दिलं नाही.

परत पोहोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. अंगणात लेक घोडीला धरून उभी होती. बायको होती, फाटकावरचा पहारेकरी होता आणि शेजारच्या गॅरेजमधले दोघे खास बघायला आले होते. हातोड्याने कडी निघाली, रॅम्प खाली आला. ग्रंथपालांनी आता उतरायला हवं होतं. पण एवढ्या माणसांसमोरून, केसांत गवत घेऊन, खाली चालत जायचं त्यांना धैर्य होईना. ते पाठ फिरवून जाळीपाशी तसेच उभे राहिले, कुणीतरी आत येऊन आपल्याला घेऊन जाईल या आशेने.

लेक हाक मारणार होती, पण तिच्या हातातली दोरी ताणली गेली. घोडीने कान पुढे केले होते. सहा वर्षं तिला ती पेटी दर वेळी अंधारी आणि रिकामी दिसली होती. आज तिच्यात कुणीतरी उभं होतं, हलत नव्हतं, आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं. तिने रॅम्पवर एक पाय ठेवला, मग दुसरा. विचार केला. लेकीने दोरी सैल सोडली. घोडीने तिसरा पाय ठेवला, चौथा ठेवला, आणि टापांचा सावकाश आवाज करत ती आत जाऊन ग्रंथपालांच्या शेजारी उभी राहिली. मग त्यांच्या खांद्यावरून मान नेऊन तिने जाळीतलं गवत ओढलं.

एवढ्या जवळून तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिचा श्वास त्यांच्या कानाला गरम लागत होता.

"या," ग्रंथपाल हळूच म्हणाले.

आत शिरलेल्या ग्रंथपालाला बाहेर कसं काढावं, याबद्दल चौदांपैकी एकही सूचना नव्हती. लेकीने खुणांनी सांगितलं तसे ते घोडीच्या पोटाला घासत, तिची माफी मागत एका बाजूने सरकत आले. ते खाली आल्यावर लेक पुढे झाली. तिने त्यांच्या केसांतली एक काडी काढली, मग दुसरी, आणि तेवढ्यानेच तिचे डोळे भरून आले. गॅरेजवाले निघून गेले. हसायला आले होते, पण तसं काही झालं नाही.

या खेपेला घोडी मागे आणि ग्रंथपाल पुढे मामाच्या शेजारी बसले. मायलेकी आपल्या गाडीतून मागून येत होत्या. मागून एकही आपटण्याचा आवाज आला नाही. एक पूल गेला, एक बाजार गेला. मामाला काहीतरी विचारायचं होतं, पण दर वेळी तो नुसता गिअर बदलायचा.

"साहेब," शेवटी तो म्हणाला, "बावीस वर्षं झाली. आपले पॅसेंजर बोलत नाहीत. उतरले की चरायला लागतात. कुणाला विचारायची सोय नाही." त्याने अंगठ्याने मागे खूण केली. "मागे कसं असतं?"

ग्रंथपालांना स्वतःच्या मतावर कधीच भरवसा नसे, म्हणून त्यांनी नीट आठवून पाहिलं.

"मला झोप लागली होती," ते म्हणाले.

मामाने आरसा सारखा केला, तो आधीच सारखा होता. बऱ्याच अंतरानंतर त्याने विचारलं, "आणि वळणांना?"

"वळणं छानच. फक्त त्या पुलाच्या अलीकडे एकदा जरा डावीकडे..."

"तो खड्डा होता."

"हो, मग तो खड्डाच," ग्रंथपाल घाईने म्हणाले.

नव्या तबेल्यात पोहोचले तेव्हा तिथला मालक दारातच उभा होता. लेकीने रॅम्प उघडला. घोडीला घाम नव्हता, थरथर नव्हती. तिने मान वळवून नवा तबेला पाहिला, नवं अंगण पाहिलं, ताज्या पेंढ्याचा वास घेतला आणि पुन्हा जाळीत तोंड घातलं. लेकीने दोरीला हलका हिसका दिला. घोडी जागची हलली नाही. हाक मारली, शीळ घातली, गाजर दाखवलं. सहा वर्षं आत न जाणारी घोडी आता उतरायला तयार नव्हती. लेकीने बापाकडे पाहिलं.

"राहू दे थोडा वेळ," ग्रंथपाल म्हणाले. "मलासुद्धा उतरवत नव्हतं."

मामाने इंजिन बंद केलं, चाकांना दगड लावले, आणि पाहुणे जेवत असताना यजमान बसतो तसा तो रॅम्पच्या कडेला जाऊन बसला. कुणालाही घाई करू देणार नव्हता तो.