लीड, रिदम आणि खालचा डेंटिस्ट

हेडक्लार्कसाहेबांनी अठरा वर्षं ऑफिसच्या बँडमध्ये रिदम गिटार वाजवली. म्हणजे पुढे उभं राहून लीड गिटारवर टाळ्या घ्यायच्या कॅशियरने, आणि मागे खुर्चीवर बसून झ्यांग झ्यांग करत राहायचं यांनी. (त्यांच्या बायकोला तर बरीच वर्षं वाटत होतं, की ते तिथे खुर्च्या सांभाळायला जातात.) यंदा कॅशियरची बदली झाली आणि लीड आपसूक यांच्या गळ्यात पडली.

नवा मान, म्हणजे आवाजही नवा हवा. गिटारचा आवाज मोठा करणारा त्यांचा अ‍ॅम्प अशा जातीचा, की त्यात पत्त्यांच्या कॅटाएवढी मॉड्यूलं खोचायची. मॉड्यूल बदललं की आवाज बदलला. दुकानदाराने पाच दिली. एक लीडला ठेवा, एक रिदमला, बाकीची सोमवारी परत आणा, म्हणाला.

शनिवारी दुपारी साहेब बाहेरच्या खोलीत मांडी घालून बसले. मॉड्यूल खोचायचं, तोच तुकडा वाजवायचा आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचं, कसं वाटतंय? चौथं मॉड्यूल झाल्यावर जरा वेळाने बायको म्हणाली, "हे त्यातल्या त्यात बरं आहे."

तेव्हा ते फडक्याने तारा पुसत होते.

पाचवं मॉड्यूल मात्र लाखात एक निघालं. आवाज असा बारीक, धारदार, की अंगावर काटा यावा. साहेबांनी डोळे मिटले, तार ओढली आणि सूर धरून ठेवला. धरूनच ठेवला. दार कधीपासून वाजत होतं कोण जाणे.

दारात तळमजल्यावरचा डेंटिस्ट उभा. त्याने अगदी शांतपणे सांगितलं, की वरून ड्रिलसारखा आवाज यायला लागल्यावर बाहेर बसलेले चार पेशंट रस्त्याला लागले. आणि पाचवा, ज्याला भूल देऊन तिथेच बसवलं होतं, तो गळ्यातल्या टॉवेलसकट गेला.

साहेब शरमेने अर्धे झाले. लीडचं भूत जागच्या जागी उतरलं. तो मान त्यांनी बँडमधल्याच टायपिस्टबाईंना देऊन टाकला आणि रिदमचं एक घोगऱ्या आवाजाचं मॉड्यूल ठेवून बाकीची परत केली. रोज संध्याकाळी तेवढंच वाजवायचे, तेही जीव मुठीत धरून.

आठवड्याने डेंटिस्ट पुन्हा वर आला. साहेबांनी गिटार बाजूला ठेवून आधीच हात जोडले. पण तो म्हणाला, थांबू नका, रोज पाच ते सात वाजवत जा, उपकार होतील.

आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. साहेबांनी गिटार पुन्हा मांडीवर घेतली. आत बायकोला ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी विचारलं, "पेशंटना आवडतंय म्हणता?"

"तसं नाही," डेंटिस्ट म्हणाला. "माझ्या आतल्या खोलीचं दार जाड आहे, तिथे तुमचं काही ऐकू येत नाही. पूर्वी नाव पुकारलं की लोक एकमेकांना 'तुम्ही आधी जा' म्हणत बसायचे. आता दाढ काढायला भांडून आत येतात."